स्टेअरिंगचा प्ले आणि झाकणावरचा स्क्रू

ऑगस्टातली रात्र होती. गाडीच्या हौद्यात टोमॅटोची 70 कॅरेट, म्हणजे चौदाशे किलोच्या आसपास माल, आणि पहाटेच्या आत वाशी गाठायची होती. ओतूर सोडलं, डिंगोरे, मढ मागे पडलं. खुबी फाट्यापासून धुकं इतकं दाटलं की बोनेटच्या पुढचं दिसेना. माळशेजची उतरण सुरू झाली. उजव्या वळणाला स्टेअरिंग वळवलं, गाडी वळली. वळण संपलं तेव्हा सवयीने हात सैल सोडले. चाक तळहातातून सरकत आपसूक मध्यावर यायला हवं होतं. ते आलं नाही. जिथे होतं तिथेच राहिलं आणि गाडी वळतच राहिली. दोन्ही हातांनी ओढून सरळ केली तेव्हा कठडा हातभर अंतरावर होता. शेजारी धाकटा भाऊ झोपला होता, तो जागाही झाला नाही.

त्या रात्री उरलेला सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. प्रत्येक वळण हाताने घ्यायचं आणि हातानेच परत आणायचं. टोकावड्याला चहाला थांबलो तेव्हा खांदे दुखत होते.

खरं तर मूळ दुखणं उलटं होतं. चारच दिवसांपूर्वी स्टेअरिंग ढिलं आहे म्हणून मी गाडी गॅरेजला घातली होती.

गाडी 2012 सालची, आम्ही ती 2019 मध्ये जुनी घेतली. मीटरवर 2,84,000 किलोमीटर. पुढे सरळ एक्सल आणि त्याखाली कमानपाटे, पॉवर स्टेअरिंग, सगळं जुन्या पद्धतीचं आणि मजबूत. उन्हाळ्यापासून तिच्या स्टेअरिंगला प्ले, म्हणजे टायर न वळता चाक नुसतंच फिरण्याची ढिलाई, यायला लागला होता. रिकामी असताना कळायचं नाही. माल भरून पन्नास-साठच्या वेगाने निघालं की सरळ रस्त्यावरही सारखं डावं-उजवं करत राहावं लागायचं. समोरून ट्रक गेला की वाऱ्याच्या धक्क्याने गाडी भरकटायची. चाक चार बोटं फिरवलं तरी टायर हलायचे नाहीत. मी सरावलो होतो, आणि आता वाटतं तीच सगळ्यात वाईट गोष्ट होती. प्ले एका दिवसात येत नाही. तो रोज थोडा वाढतो, हात त्याच्याशी जुळवून घेतात, आणि एक दिवस दुसरा कुणी गाडी चालवायला बसतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळतं. आमच्याकडे तो दुसरा म्हणजे चुलतभाऊ. आळेफाट्यापर्यंत गाडी नेऊन आला आणि चावी माझ्या हातात देत म्हणाला, "दादा, ही गाडी घाटात घालू नकोस."

सीझन चालू होता. गाडी दोन दिवस उभी ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून जवळच्या गॅरेजला गेलो. तिथल्या पोराने बोनेट उघडलं, स्टेअरिंग बॉक्सच्या, म्हणजे चाकाची फिरकी खाली पोचवणाऱ्या पेटीच्या, झाकणावरचा लॉकनट ढिला केला, मधला स्क्रू अर्धा-पाऊण फेरा आवळला आणि लॉकनट घट्ट केला. दहा मिनिटांचं काम. बसून बघितलं तर प्ले जवळजवळ गेलेला. मी खूश झालो. स्टेअरिंग किंचित जड लागत होतं, पण ते मला घट्टपणाचं लक्षण वाटलं. नंतरची माळशेजची रात्र वर सांगितलीच.

वाशीहून रिकामी गाडी घेऊन परत आलो तो थेट आळेफाट्याजवळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे. चाळीस वर्षं फक्त पुढच्या एक्सलचं आणि स्टेअरिंगचं काम करणारा माणूस. मी घाटातला प्रकार सांगितला. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी एकच विचारलं, "स्क्रूला कुणी हात लावलाय?"

मी हो म्हटलं. "मग आधी तो जिथे होता तिथे आणू. त्याशिवाय गाडी खरं बोलणार नाही."

स्क्रू त्यांनी मागे घेतला. प्ले परत आला, चार बोटं. मग इंजिन चालू ठेवायला सांगितलं. पॉवर स्टेअरिंगचा प्ले इंजिन बंद असताना बघितला तर फसगत होते, कारण आत तेलाचा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची स्वतःची थोडी चाल प्लेमध्ये मिसळते. चाकं सरळ, गाडी जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना दगड. भाऊ केबिनमध्ये बसून स्टेअरिंग डावं-उजवं हलवत होता, फक्त प्लेपुरतं, टायर वळतील इतकं नाही. मेस्त्री आणि मी गाडीखाली.

ही तपासणी मला कुणी दहा वर्षांपूर्वी दाखवायला हवी होती. स्टेअरिंगच्या चाकापासून टायरपर्यंत एक साखळी असते. चाकाखाली कॉलमचा दांडा, त्याच्या टोकाला क्रॉस, म्हणजे सगळीकडे वळणारा सांधा, मग चॅसीला बोल्टने आवळलेला बॉक्स. बॉक्समधून खाली लोंबता दांडा, म्हणजे ड्रॉप आर्म, निघतो. त्याला जोडलेला लांब दांडा म्हणजे ड्रॅग लिंक, ती ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकाला ढकलते आणि टायरॉड त्या चाकाची चाल पलीकडच्या चाकाला पोचवतो. या साखळीतली कुठलीही कडी झिजली तरी वर बसलेल्याला एकच कळतं, स्टेअरिंग ढिलं झालंय. कुठली कडी, ते खाली झोपल्याशिवाय कळत नाही.

मेस्त्रींनी माझा हात धरून एकेका सांध्यावर ठेवला. "बघू नको, हाताला विचार." सांध्याच्या एका बाजूचा भाग हलतो आणि दुसऱ्या बाजूचा उशिरा हलतो, तेव्हा बोटांना आत बारीक ठोका लागतो. कॉलमचा क्रॉस ठीक होता. ड्रॅग लिंकच्या पुढच्या टोकाचा गोळ्याचा सांधा, म्हणजे बॉल, वाजत होता, अगदी स्पष्ट. टायरॉडचे दोन्ही एंड, म्हणजे टोकांचे सांधे, बरे होते. मग ते बॉक्सपाशी आले आणि टॉर्चने चॅसीचे बोल्ट दाखवले. चारपैकी दोन बोल्टच्या डोक्याभोवती गंजाची बारीक लालसर पूड जमलेली. बोल्ट घट्ट असला की तिथे पूड होत नाही. दोन लोखंडं एकमेकांवर घासतात तेव्हाच ती होते. म्हणजे बॉक्स स्वतःच चॅसीवर हलत होता. मी ती पूड अनेकदा पाहिली असेल, तिचा अर्थ मला माहीत नव्हता.

मग पुढचं चाक जॅकवर घेतलं. टायर वर आणि खाली धरून हलवला तर खटखट झाली. भावाला ब्रेक दाबायला सांगितलं, तरी खटखट तशीच. ब्रेक दाबल्यावर थांबली असती तर दोष व्हील बेअरिंगचा. थांबली नाही, म्हणजे किंगपिन, चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती. डाव्या बाजूचे बुश गेले होते.

शेवटी बॉक्स. भाऊ वर हलवत होता आणि बॉक्समध्ये शिरणारा दांडा फिरताना दिसत होता. खाली ड्रॉप आर्मवर माझी बोटं. दांडा चांगला दोन बोटं फिरायचा आणि आर्म निश्चल. पाहून मला घाम फुटला. या दोन बोटांच्या भरवशावर मी भाऊ शेजारी घेऊन घाट उतरत होतो.

बॉक्स लगेच बदलू असं मी म्हटलं, पण मेस्त्रींनी आधी बाकीचं केलं. ड्रॅग लिंकचे एंड आणि दोन्ही बाजूंचे किंगपिन-बुश बदलले. डावीकडचेच गेले असले तरी ते जोडीने बदलायचे, हा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर प्ले चार बोटांवरून दोनवर आला. अर्धा प्ले बॉक्सचा नव्हताच. नुसता बॉक्स बदलून मी घरी गेलो असतो तर नव्या बॉक्ससकट गाडी तशीच भरकटली असती आणि मी दोष नव्या बॉक्सला दिला असता.

आता त्या स्क्रूबद्दल, कारण गाडीवाल्यांपैकी निम्म्यांनी तो कधी ना कधी आवळून घेतलेला असतो. बॉक्सच्या आत आटे पाडलेला जाड दांडा असतो, त्याला वर्म म्हणतात. त्यावर नट चढतो आणि दोघांच्या खाचांमध्ये छर्रे फिरतात, त्यामुळे स्टेअरिंग हलकं चालतं. पॉवरच्या बॉक्समध्ये हाच नट पिस्टनचंही काम करतो आणि तेलाचा दाब त्याला ढकलतो. नटाच्या बाहेरच्या अंगाला दाते असतात, ते सेक्टर शाफ्टच्या दात्यांत बसतात आणि त्याच शाफ्टच्या टोकाला खाली ड्रॉप आर्म. झाकणावरचा स्क्रू सेक्टरला नटाच्या दात्यांकडे ढकलतो, एवढंच त्याचं काम.

आता गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. त्यामुळे झीज सगळी मधल्या दात्यांची होते. कडेचे दाते वळताना, गाडी मागे घेताना, तेवढेच वापरात येतात आणि नव्यासारखे राहतात. कारखान्यातून बॉक्स येतो तेव्हा तो मध्यावर किंचित घट्ट आणि कडेला किंचित सैल असतो, मुद्दाम. दोन-अडीच लाख किलोमीटर चालल्यावर हे उलटतं. अशा बॉक्सचा स्क्रू आवळून मधला प्ले काढला की कडेचे न झिजलेले दाते एकमेकांत रुततात. वळण घेतलं की चाक तिथेच अडकतं. वळणानंतर स्टेअरिंग मध्यावर परत येतं ते किंगपिनच्या कलामुळे आणि गाडीच्या वजनामुळे. बॉक्स आतून आवळलेला असला की तो जोर अपुरा पडतो. माळशेजला झालं ते हे.

स्क्रू वाईट नाही, तो मेस्त्रीही वापरतात. पण ड्रॅग लिंक सोडून, बॉक्स एकटा हलवून, मध्यावर किती आणि कडेला किती जड आहे ते हाताने बघून, आणि तेही फेऱ्याच्या आठव्या हिश्शाने. आमच्या बॉक्सचं त्यांनी तसं करून बघितलं. मध्यावरचा प्ले जाईपर्यंत कडेला चाक फिरेना. पॉवर स्टेअरिंगच्या टाकीतलं तेल बोटावर घेतलं तर त्यात चंदेरी चमक होती. लोखंडाची भुकटी. मग निर्णय झालाच.

रिकंडिशन बॉक्स साडेआठ हजारांना मिळत होता, नवा 19 हजारांना. मी दोन दिवस विचार केला. रिकंडिशनमध्ये सील नवे येतात, पण वर्म आणि सेक्टर बहुधा जुनेच असतात, आणि आमचं दुखणं तिथेच होतं. वडील म्हणाले, "टोमॅटो उद्या परत लावता येतील." त्यापुढे त्यांनी काही म्हटलं नाही. नवा घेतला.

बदलायला एक पूर्ण दिवस लागला. आदल्या रात्रीच मेस्त्रींनी ड्रॉप आर्मच्या नटाभोवती गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. सकाळी मजबूत दोरीने स्टेअरिंगचं चाक बांधलं, म्हणजे बॉक्स सुटल्यावर कॉलम भलताच फिरून बसणार नाही. आर्म आणि शाफ्ट दोन्हींवर एका रेषेत पंचाने खूण केली. नटाला बॉक्सपाना, त्यावर चार फुटी पाइप, आणि आम्ही दोघं भाऊ लटकलो तेव्हा कुठे तो सुटला.

आर्म मात्र शाफ्टच्या दात्यांवर पक्का बसलेला. मी हातोडा उचलला, मेस्त्रींनी तो काढून घेतला. आर्मला हाणलं की त्यात केसाएवढी चीर पडू शकते, ती डोळ्याला दिसत नाही, आणि तोच आर्म नव्या बॉक्सवर चढवायचा असतो. पुलर, म्हणजे आर्म ओढून काढायचं अवजार, लावला, आवळला आणि दहा मिनिटं तसाच ठेवला. आम्ही चहा प्यायलो. परत येऊन पाव फेरा आवळला तर गोळी सुटल्यासारखा आवाज होऊन आर्म निघाला.

दोन्ही तेलाचे पाइप सोडून टोकांना स्वच्छ बोळे लावले. कॉलमच्या कपलिंगचा बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही, कारण तो दांड्याच्या खाचेतून जातो. मी अर्धा तास ओढत बसलो होतो, मेस्त्रींनी येऊन बोल्ट पूर्ण बाहेर काढला आणि कपलिंग हाताने सरकलं. चॅसीचे चार बोल्ट काढून जुना बॉक्स खाली घेतला. वजन चांगलंच होतं, छातीवर घेऊन झोपायची वेळ आली. चॅसीची ती जागा घासून स्वच्छ केली आणि टॉर्च लावून चीर कुठे आहे का ते बघितलं. चीर नव्हती, पण पूड निघालेल्या दोन्ही बोल्टांचे आटे झिजून गुळगुळीत झाले होते. नवे चार बोल्ट आणले, डोक्यावर ताकदीचा आकडा 10.9 उमटवलेले. साध्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही.

नवा बॉक्स लावायच्या आधी त्याचा मध्य काढला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजायचं आणि निम्मे मागे यायचं. आमचे साडेचार झाले, सव्वादोनवर थांबलो. पुढची चाकं सरळ, स्टेअरिंग सरळ, बॉक्स मध्यावर, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. मग बॉक्स चढवला, कपलिंग घातलं, खुणेला खूण जुळवून आर्म बसवला. दाबाच्या पाइपचे तांब्याचे वॉशर नवे घातले आणि परतीचा रबरी पाइप क्लिपसकट बदलला. टाकी, पाइप, सगळ्यातलं जुनं तेल आधीच काढलं होतं. ती भुकटी नव्या बॉक्समध्ये जाऊन उपयोग नव्हता.

तेल भरताना चूक झाली. पुढची चाकं जॅकवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवायचं, म्हणजे हवा हळूहळू वर येते. भावाने चार-पाच वेळा फिरवून इंजिन चालू केलं. पंप कण्हायला लागला, टाकीतल्या लाल तेलाचा गुलाबी फेस झाला. मेस्त्रींनी इंजिन बंद करायला लावलं आणि अर्धा तास गाडीला हात लावू दिला नाही. फेस बसल्यावर पहिल्यापासून सुरुवात केली. इंजिन चालू झाल्यावरही चाक टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, दोन-तीन सेकंदांत सोडायचं. तिथे पंपावर पूर्ण दाब येतो आणि तेल तापतं.

संध्याकाळी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. प्ले बोटभर. वळणानंतर चाक तळहातातून सरकत मध्यावर आलं, आणि मी तेवढ्यासाठी तेच वळण तीनदा घेतलं. एक खोट होती. सरळ जाताना स्टेअरिंगचा आडवा दांडा उजवीकडे कललेला. मी म्हटलं, चाक काढून एक दाता फिरवून बसवू, पाच मिनिटांत सरळ दिसेल. मेस्त्री तयार झाले नाहीत. चाक सरळ दिसलं असतं, पण सरळ रस्त्यावर बॉक्स मध्यापासून बाजूला राहिला असता, आणि नव्या बॉक्सची घट्ट जागा वापरातच आली नसती. त्यांनी ड्रॅग लिंकच्या क्लिपा ढिल्या केल्या, लिंक दीड फेरा फिरवली, परत रस्त्यावर, परत पाव फेरा. अंधार पडला तेव्हा सरळ झालं. मग दोन्ही टायरवर खडूची रेघ मारून पुढून आणि मागून टेपने अंतर मोजलं, टायरॉडने पुढचं अंतर दोन-तीन मिलिमीटरने कमी ठेवलं. दुसऱ्या दिवशी मशीनवर अलाइनमेंट केली, त्यात फारसा फरक निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी परत टोमॅटो भरला. या वेळी 60 कॅरेटच. माळशेजला पाऊस होता, बोगद्याच्या अलीकडे धबधब्याचं पाणी रस्त्यावर येत होतं. मी भावाला झोपू दिलं नाही. उजव्या वळणाला, त्याच कठड्याजवळ, हात सैल केले. चाक परत आलं.

500 किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा बघायला या, असं मेस्त्रींनी बजावलं होतं. गेलो. चॅसीचा एक बोल्ट किंचित आवळावा लागला, बाकी जागेवर. तोवर त्यांनी जुना बॉक्स खोलून ठेवला होता. सेक्टरचे कडेचे दाते काळपट आणि धारदार, मधला दाता चकचकीत, त्यावर ठिकठिकाणी खड्डे. नख फिरवलं की अडकायचं.

मी तो सेक्टर फडक्यात बांधून आमच्या इथल्या गॅरेजला नेला. भांडायला नाही. त्या पोराच्या हाती रोज आमच्यासारख्या दहा गाड्या येतात. त्याने बराच वेळ मधल्या दात्यावरून नख फिरवलं, मग विचारलं, "प्ले बॉक्सचाच आहे, हे मेस्त्रींनी कशावरून ओळखलं?" समोर एक पिकअप उभी होती, तिचा मालक स्क्रू आवळून घ्यायला आलेला. मी त्याला स्टेअरिंगवर बसवलं, इंजिन चालू करायला सांगितलं, आणि आम्ही दोघं गोणपाट टाकून खाली शिरलो.